दुकानात कोण बसतंय?

"एका आण्याला सहा, दोनाला बारा, तिनाला एकोणीस, चाराला पंचवीस." हा पाढा आत्याला आजही झोपेतून उठवलं तरी येतो. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले तेव्हा ती चौथीत होती आणि शाळेतून आली की दुकानात बसायची. आण्याचे खरे सव्वासहा पैसे, पण पाव पैशाचं नाणंच नव्हतं. म्हणून सरकारने तक्ता काढून दिला आणि आजोबांनी तो पुठ्ठ्यावर डकवून तराजूच्या वर टांगला. आण्याच्या तीन पुड्या एकदम घेतल्या तर एकोणीस पैसे, तीन खेपांत घेतल्या तर अठरा. डोंबिवलीतल्या कारकुनांच्या बायकांना हे कळायला दोन दिवस पुरले. पोरं एका संध्याकाळी तीनदा जिना उतरायला लागली. आजी म्हणायची, "पैसा गेला तो गेला, वर तीन पुड्यांचा कागद गेला."

आजोबा राजापूरकडचे. गिरगावात एका वाण्याकडे गडी म्हणून राहिले, रात्री पोत्यांवर झोपले आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला डोंबिवलीत, टिळकनगरच्या अलीकडे, एका चाळीच्या तळमजल्यावर गाळा घेऊन बसले. मुंबईत जागेची पागडी परवडत नव्हती, इथे परवडली, एवढंच कारण. तेव्हाच्या डोंबिवलीत गणेश मंदिर होतं, फडके रोड होता आणि त्यापलीकडे भातशेती होती. वस्ती वाढत होती ती नोकरदारांची. सकाळच्या लोकलने पुरुष निघून गेले की गावात उरायच्या बायका, मुलं आणि दुकानदार.

या गावातलं दुकान गाडीच्या वेळापत्रकावर चालायचं. पहाटे पाचला दूध-पाव, साखर, चहा पूड. नऊनंतर शुकशुकाट. संध्याकाळी साडेसहापासून रात्री दहापर्यंत श्वास घ्यायला उसंत नाही. उधारीचं वेळापत्रक पगाराच्या तारखांवर. कचेरीतले बाबू एक तारखेला. वेतनाच्या १९३६च्या कायद्याप्रमाणे हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पगार सात तारखेच्या आत व्हायला हवा असे, त्याहून मोठ्या ठिकाणी दहाच्या आत. म्हणून छोट्या कारखान्यांतले सातला, गिरणीवाले दहाला. आजोबांना कायद्याचं कलम ठाऊक नव्हतं, तारखा पक्क्या ठाऊक होत्या. वहीत नावांचा क्रमच तसा लावलेला होता: एकवाले, सातवाले, दहावाले.

माल मशीद बंदरहून यायचा. आजोबा पहाटेच्या गाडीने जायचे आणि मसाल्याची, सुपारीची पोती लगेजच्या डब्यातून स्वतः आणायचे. धान्याचा बाजार पुढे तुर्भ्याला हलला तेव्हा काकांनी टेंपो ठरवला. ही मर्दुमकी आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे की लहानपणी मला वाटायचं, दुकान म्हणजे मशीद बंदर ते डोंबिवली हा प्रवासच.

आत्याकडून ऐकायला लागले तेव्हा दुकानाचा दुसरा भाग कळला. पोतं आलं की ते उघडायचं कोणी? तांदूळ पाखडायचा, तूरडाळ निवडायची, मिरच्यांची देठं खुडायची, हळकुंडं उन्हात घालायची, हे सगळं दुपारी मागच्या पडवीत आजी आणि आत्या करायच्या. रात्री जेवणं आटोपली की कणकेची खळ शिजवून रद्दीच्या पिशव्या चिकटवायच्या. या मालावर नफा फार थोडा. आजोबा सांगायचे, कित्येक महिने घर चाललं ते रिकामं बारदान आणि तेलाचे रिकामे डबे विकून. ते खरंच असणार. पण ते बारदान झटकून, उसवलेलं शिवून, दहा-दहाच्या घड्या घालायच्या त्याही आजीनेच.

पुडी बांधणं ही आत्याची खास विद्या. वर्तमानपत्राचा चौथा भाग डाव्या तळव्यावर घ्यायचा, अंगठ्याभोवती फिरवून शंकू करायचा, खालचं टोक मुडपायचं, माल ओतायचा, वरची कड तीन घड्यांत आत दाबायची. छताला टांगलेल्या गुंडाळीचा दोरा खाली ओढून दोन वेढे द्यायचे आणि तर्जनीवर झटका देऊन तोडायचा. कात्री लागली तर हात बसलेला नाही असं समजायचं. त्या झटक्याने तिच्या उजव्या तर्जनीच्या पेरावर एक खाच पडली आहे, अजून दिसते.

दशमान वजनं आली तेव्हाही ती गल्ल्यावर होती. शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. भाव शेरावरून किलोवर गेला की शेकडा सात वाढणारच. पण बायका म्हणायच्या, "किलो आला आणि महागाई घेऊन आला." आत्या त्यांना वजनं शेजारी शेजारी ठेवून दाखवायची. पटायचं नाही ते नाहीच.

१९४८च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात कामगाराची व्याख्या होती. त्याला आठवड्याची सुट्टी, ठरलेले तास, भरपगारी रजा. आणि त्याच व्याख्येच्या शेपटाला लिहिलं होतं, मालकाच्या कुटुंबातली व्यक्ती यात धरायची नाही. म्हणजे आजोबांच्या गड्याला कायद्याने रविवार मोकळा मिळत होता आणि त्या रविवारी त्याच्या जागी आत्या उभी राहायची. गुमास्ता परवाना भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेला असे. त्याखाली ती चाळीसहून जास्त वर्षं बसली. तिचं लग्न का झालं नाही याची घरात तीन कारणं सांगतात. चौथं, म्हणजे ती गेली असती तर दुकानात कोण बसलं असतं, हे कोणी सांगत नाही.

समोरच्या बाजूला साठीच्या दशकात एका कच्छी शेठनी दुकान टाकलं. आजोबा त्यांना स्पर्धक म्हणायचे, शेठ मात्र आत्याला बेन म्हणत आणि सुटे पैसे संपले की तिच्याकडेच मागायला पोरगा पाठवत. त्यांच्याकडे गावाहून मुलं यायची. चौदा-पंधरा वर्षांचं पोर, नात्यातलं नाहीतर गावातलं. जेवण शेठच्या घरी, झोप दुकानात. खडतरच आयुष्य, पोरांची वयं बघता अंगावर काटा येतो. पण सात-आठ वर्षांनी त्याच पोराला जातभाईंच्या उसनवारीवर कल्याणला नाहीतर बदलापूरला स्वतःचं दुकान निघायचं, आणि त्याच्या जागी गावाहून नवं पोर. आमच्याकडे अशी शिडीच नव्हती. आमचा गडी शहाणा झाला की कारखान्यात लागायचा. डोंबिवलीत एमआयडीसी उभी राहिल्यावर तर दोन महिन्यांत दोन गडी गेले. त्यांचं चुकलं नाही; तिथे पाळी होती, फंड होता. मराठी माणसाला धंदा जमत नाही हे रडगाणं मी पुष्कळ ऐकलं आहे. मला ते पटत नाही. जमत होता, पुढचा माणूस तयार करायची सोय नव्हती, इतकंच.

वाईट काळाच्या गोष्टी घरात रंगवून सांगतात. १९७२च्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो आली, तेव्हा बायका ती आमच्याकडे आणून "यात मिसळायला थोडी बरी ज्वारी दे गं" म्हणायच्या. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. दहा तारीखवाल्यांचं पान त्या वर्षी वहीत कोरंच राहिलं. आधी आजोबा म्हणाले, मिटेल. दिवाळीपर्यंत मिटला नाही. काही घरं खोल्या विकून कोकणात परत गेली. त्यातले दोघे पुढे कित्येक वर्षांनी येऊन पैसे चुकते करून गेले. ही गोष्ट आमच्याकडे अभिमानाने सांगतात. बाकीच्यांची उधारी बुडाली आणि त्या वर्षी आजीच्या बांगड्या गेल्या, हे आत्याने सांगितल्यावर कळलं.

१९८३ला कल्याण-डोंबिवली महापालिका झाली. चाळी पाडून चार मजली इमारती उठल्या आणि दुकानातला मालही बदलला. शांपूच्या पुड्या माळेसारख्या लोंबायला लागल्या. पाकिटांवर किंमत छापून यायला लागली, म्हणजे घासाघीस संपली आणि आमचा नफा किती हे कंपनी ठरवू लागली. १९९८ला दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलाने माणसं दगावली आणि सुटं तेल विकण्यावर बंदी घालणारा केंद्राचा आदेश आला. तेलाची टाकी, पळी, नरसाळं सगळं माळ्यावर गेलं. निवडणं, पाखडणं, पुडी बांधणं यातलं फारसं काही उरलं नाही. काकांना वाटलं, आता काम सोपं झालं.

काम सोपं झालं तरी तास तेवढेच राहिले. उलट आता बायकाही सकाळच्या लोकलने जाऊ लागल्या होत्या. संध्याकाळी सातच्या गाडीने उतरलेल्या बाईला घरी जाऊन मेथी निवडायला वेळ नसतो, हे आत्याने बरोबर ओळखलं. डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रं निघाली, स्टेशनबाहेर चिरलेल्या भाज्यांच्या पिशव्या मिळू लागल्या, त्याच सुमारास तिने सोललेला लसूण, निवडलेल्या गवारीची पाकिटं आणि खवलेला नारळ ठेवायला सुरुवात केली. हे खूप खपलं. सोलायला, निवडायला, खवायला दुपारी पुन्हा तीच बसायची. सुट्टीत मीही बसले आहे. लसणाने बोटं चुरचुरायची आणि बक्षीस म्हणून एक लिमलेटची गोळी मिळायची.

२००५ साली 'डोंबिवली फास्ट' हा चित्रपट आला. त्यात छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागणाऱ्या दुकानदारावर नायक उखडतो, तेव्हा थिएटरात टाळ्या पडल्या. कायद्याने चूक दुकानदाराचीच, यात वाद नाही. पण आत्या घरी येऊन म्हणाली, "टाळ्या वाजवा. लाइट गेल्यावर फ्रिजातलं दूध नासतं, ते कोण भरून देतं?" त्या वर्षांत आमच्याकडे रोजचं भारनियमन असे.

त्याच वर्षी २६ जुलैच्या पावसात गाड्या बंद पडल्या आणि माणसं रुळांवरून चालत घरी आली. आत्याने रात्रभर दुकान उघडं ठेवलं, मेणबत्त्या आणि बिस्किटं विकली, ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांना दिली. वहीत नोंद नाही, कारण अंधारात वही दिसत नव्हती. पुढच्या आठवड्यात बहुतेकांनी आणून दिले.

मग इमारत पुनर्विकासाला गेली. करारात गाळा काकांच्या नावावर होता, तो चुलतभावाच्या नावावर आला. नव्या इमारतीत त्याला रस्त्याला लागून ऐसपैस गाळा मिळाला, तो त्याने केकवाल्याला भाड्याने दिला. महिन्याचं भाडं आमच्या दुकानाने कधी कमावलं नाही इतकं आहे. आत्याचं नाव कुठल्याही कागदावर नाही. ती चुलतभावाकडेच राहते, तो तिचं सगळं नीट करतो, हेही सांगायला हवं. शेठचं दुकान मात्र अजून चालू आहे. गल्ल्यावर त्यांच्या पुतण्याचा मुलगा बसतो, फोनवरून पैसे घेतो, आणि माल घरपोच द्यायला आता गावाहून नाही, उत्तरेतून आलेली दोन मुलं ठेवली आहेत.

लग्नाकार्यात सगळे जमले की आमच्याकडे हमखास कोणीतरी म्हणतं, रस्त्यावर आलेल्या त्या मोठ्या बाजाराने आपलं दुकान खाल्लं. काका तर त्याच्या दारावरून जाताना मान वळवतात. मी तारखा पडताळून पाहिल्या. २००८मध्ये आत्याचा गुडघा गेला, डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली. काकांनी मुलाला विचारलं, सुनेला विचारलं, माझ्या वडिलांनी मला विचारलं. कोणीच हो म्हणालं नाही, मीसुद्धा. दिवाळीनंतर शटर ओढलं. तो मोठा बाजार आमच्या रस्त्यावर उघडला २०१२ला.