स्टिक कुठली घेऊ, सर?

म्हैसूरला पोस्टिंग झाल्याचं कळलं की नातेवाईक सिल्कची साडी, म्हैसूरपाक आणि चंदनाच्या साबणाची यादी पाठवतात. गेल्या काही महिन्यांत त्या यादीत एक प्रश्न वाढलाय. साताऱ्याहून, नाशिकहून, लातूरहून कुणाच्या तरी मुलाचा किंवा मुलीचा फोन येतो. "सर, एएफएसबीचं कॉल लेटर आलंय, म्हैसूर सेंटर आहे. घरी सिम्युलेटरवर सराव करायचाय. स्टिक आणि थ्रॉटल कुठलं घेऊ?"

प्रश्न वरवर खेळण्याचा वाटतो, पण तसा नाही. हवाई दलाची जी मोजकी सिलेक्शन बोर्ड देशात आहेत त्यातलं एक म्हैसूरला आहे. फ्लाइंग शाखेसाठी आलेल्या उमेदवाराला इथे सीपीएसएस द्यावी लागते, म्हणजे कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टीम. इंटरव्ह्यू, मानसशास्त्राच्या चाचण्या, ग्राउंडवरचे टास्क यांत अपयश आलं तर पुन्हा येता येतं. ही चाचणी मात्र आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की हवाई दलात वैमानिक होण्याचं दार कायमचं बंद. त्यामुळे एखादे वडील पीएफमधून पैसे काढून महागडा सेट घ्यायला निघाले, तर त्यांना हसण्यात अर्थ नाही.

मी लष्कराचा माणूस, बोर्डाशी माझा काही संबंध नाही. इथे जे लिहितोय ते सगळं जाहीर आहे. पण फोनवर दोन ब्रँडची नावं सांगून विषय संपवावा असं वाटत नाही. या स्टिकला आणि थ्रॉटलला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि काय घ्यायचं याचं उत्तर त्यातच बऱ्यापैकी मिळतं.

सुरुवातीच्या विमानांत प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती. राइट बंधूंच्या पहिल्या विमानात वैमानिक पालथा झोपायचा. डाव्या हातातल्या लिव्हरने नाक वर-खाली करायचं आणि कंबर सरकवून पंख पिळायचे. अमेरिकेतच ग्लेन कर्टिसने खांद्यांना जोखड लावलं, वैमानिक ज्या बाजूला झुकेल तिकडे विमान कलायचं. फ्रान्समध्ये रोबेर एनो-पेल्तरीने आणि लुई ब्लेरियोने वेगळी वाट धरली: एकच दांडी, पुढे-मागे केली की नाक खाली-वर, डावी-उजवीकडे केली की विमान त्या बाजूला कलणार, आणि रडर पायाखाली. 25 जुलै 1909 ला ब्लेरियोने इंग्लिश खाडी ओलांडली आणि हळूहळू सगळ्या जगाने हीच मांडणी उचलली. आज बाजारात मिळणारी प्लास्टिकची स्टिक तिचीच वंशज आहे.

थ्रॉटलचं एकमत व्हायला मात्र फार वेळ लागला. ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांत लिव्हर पुढे ढकलली की ताकद वाढायची. फ्रेंच, इटालियन आणि पोलिश विमानांत ती मागे ओढली की वाढायची. 1940 मध्ये पोलंडचे अनुभवी वैमानिक इंग्लंडला पोहोचले आणि रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झाले, तेव्हा त्यांना उड्डाण शिकवायची गरज नव्हती. डाव्या हाताची सवय तेवढी उलटी करायची होती. ताकद हवी असताना ती कमी झाली तर जीव जाण्याचीच वेळ. पुढे याच मंडळींच्या 303 स्क्वाड्रनने बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये जर्मनांची दाणादाण उडवली, पण त्याआधी त्यांना आपल्याच हाताशी झगडावं लागलं.

इथून पहिला धडा घ्या. हात ब्रँड शिकत नाही, दिशा शिकतो. स्टिक मागे घेतली की नाक वर, थ्रॉटल पुढे केली की ताकद वाढणार. मोबाइलवरच्या गेममध्ये बोट वर सरकवलं की सगळं वर जातं, त्या सवयीने अनेक मुलं सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये स्टिक उलटी करून घेतात. त्यापेक्षा सराव न केलेला बरा.

दुसरी गोष्ट एडविन लिंकची. अमेरिकेत बिंगहॅमटन गावात त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. आपल्या पेटीला जसा भाता असतो, तसे ऑर्गनला मोठाले भाते असतात. लिंकने 1929 च्या सुमारास तेच भाते लाकडी खोक्याखाली बसवले आणि स्टिकच्या हालचालीने त्यांत हवा भरायची-सोडायची व्यवस्था केली. स्टिक हलवली की खोकं कलायचं, वळायचं. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळालं ते जत्रेतल्या करमणुकीसाठी. सैन्याला ते खेळणं वाटलं.

1934 मध्ये अमेरिकन सरकारने टपाल वाहून नेण्याचं काम आर्मी एअर कोअरकडे दिलं. रात्र, धुकं, बर्फ, आणि केवळ उपकरणं बघून उडण्याचा सराव नाही. 78 दिवसांत 12 वैमानिक गेले. मग लिंकला बोलावणं आलं. तो खराब हवेत, दाट ढगांतून स्वतः विमान चालवत भेटीला पोहोचला, आणि बघणाऱ्यांना वेगळं काही समजावण्याची गरज उरली नाही. सैन्याने 3,500 डॉलरला एक अशी सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी 10,000 हून जास्त यंत्रं बनली आणि मित्रराष्ट्रांच्या लाखो वैमानिकांनी त्यांत सराव केला.

त्या खोक्याचे पंख बुटके होते, शेपूट नावापुरती होती आणि झाकण लावलं की बाहेरचं काही दिसायचं नाही. खऱ्या विमानाशी साम्य फक्त एका जागी होतं: हाताने केलेल्या हालचालीला समोरचे काटे बरोबर उत्तर द्यायचे. पायदळात आम्ही फायरिंगआधी दिवसेंदिवस ड्राय प्रॅक्टिस करून घेतो. रायफलमध्ये गोळी नसते, आवाज नसतो, धक्का नसतो. तरी श्वास, पकड आणि ट्रिगर यांचा मेळ तिथेच बसतो. लिंकचं खोकं म्हणजे वैमानिकांची ड्राय प्रॅक्टिस.

आता निवडीच्या चाचणीकडे येऊ. वैमानिक घडवायला खर्च अफाट आणि अर्धवट शिकलेला वैमानिक मरतो, हे पहिल्या महायुद्धातच सगळ्यांना कळलं होतं. त्यामुळे विमानात बसवण्याआधीच माणूस पारखायचे प्रयत्न सुरू झाले. अमेरिकेत मॅशबर्नने बनवलेल्या यंत्रावर समोर दिवे लागायचे आणि उमेदवाराने स्टिक व पेडल हलवून दुसरे दिवे त्यांच्याशी जुळवायचे. दुसऱ्या महायुद्धात अशा चाचण्यांचे गुण एकत्र करून उमेदवारांचे नऊ गट पाडले गेले. सर्वांत खालच्या गटातले बहुसंख्य प्रशिक्षणात बाद व्हायचे, सर्वांत वरच्या गटातले फार थोडे. ब्रिटिश हवाई दलाकडेही सेन्सरी मोटर अ‍ॅपरेटस आणि कंट्रोल ऑफ व्हेलॉसिटी अशा नावांच्या चाचण्या होत्या. आपल्याकडच्या जुन्या पीएबीटीतही याच दोन यंत्रचाचण्या होत्या, जोडीला एक लेखी पेपर. 2012 मध्ये डीआरडीओने बनवलेली सीपीएसएस आली आणि यंत्रांच्या जागी संगणक आला.

यंत्र बदललं तरी कल्पना तीच राहिली. उजव्या हाताला एक काम, डाव्या हाताला दुसरं, पायांना तिसरं, आणि त्यातच मध्येच दिवा लागतो किंवा आवाज येतो, त्यालाही उत्तर द्यायचं. चाचणी विमान उडवता येतं का हे विचारत नाही. लक्ष चार ठिकाणी वाटलं गेल्यावर तुमचे हात शांत राहतात का, हे बघते. म्हणून कधी विमान जवळून न पाहिलेला मुलगाही ती पास होतो. खडकवासल्याला आमच्या वेळी आलेल्या बहुतेकांच्या घरी कॉम्प्युटरच नव्हता. त्यातलेच काही पुढे फायटर पायलट झाले.

आता आपल्या मुलखाकडे. म्हैसूर संस्थान आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी मिळून डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला, तीच आजची एचएएल. तिथेच कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी एचटी-2 हे शिकाऊ विमान उभं केलं. घाटगे म्हणजे जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेला माणूस. ऑगस्ट 1951 मध्ये एचटी-2 उडालं आणि पुढे आपल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी पहिली भरारी त्यातूनच घेतली.

त्या विमानात एकामागे एक दोन जागा होत्या आणि दोन्हीकडच्या स्टिक आतून जोडलेल्या. विद्यार्थ्याने दांडी आवळून धरली की दुसऱ्या जागेवरच्या उस्तादाला ती हाताला लगेच कळायची. घरच्या सिम्युलेटरला ही दुसरी स्टिक नसते. चुकीची पकड, उगाच झटके देणं, एकाच काट्याकडे टक लावून बसणं, हे सांगायला कुणी नसतं. हजार रुपयांच्या स्टिकवर ही खोड लागते आणि लाखाच्या स्टिकवरही लागते. म्हणून दांडी मुठीत आवळायची नाही, बोटांत धरायची. मनगट टेकलेलं हवं आणि अर्ध्या तासानंतर उठायचं.

मग ही महागडी, बटणांनी भरलेली थ्रॉटल कुठून आली? 1970 च्या दशकात एफ-15 आणि एफ-16 आली. वेग इतका वाढला होता की रडार किंवा शस्त्रासाठी हात हलवून पॅनलवरचं बटण शोधण्यात लढाई हातची जायची. म्हणून सगळी महत्त्वाची बटणं स्टिक आणि थ्रॉटलवरच आणली, यालाच होटास म्हणतात. आपल्या तेजसमध्येही हीच पद्धत आहे. 1990 च्या दशकात थ्रस्टमास्टरसारख्या कंपन्यांनी ती घरच्या टेबलावर आणली. त्यांचा वॉर्टहॉग सेट तर ए-10 या अमेरिकन विमानाच्या स्टिक-थ्रॉटलची नक्कल आहे, धातूची आणि जड. शौकीन माणसाने जरूर घ्यावा. पण ती बटणं लढाईसाठी आहेत. चाचणीच्या तयारीला त्यांचा उपयोग नाही.

एफ-16 चीच आणखी एक गोष्ट. तिची पहिली स्टिक हलायचीच नाही, हाताचा दाब ओळखून विमान वळायचं. तंत्र बिनचूक होतं, पण वैमानिकांना आपण किती दाबतोय याचा अंदाज येईना. शेवटी स्टिकला थोडीशी हालचाल द्यावी लागली. दुकानात गेलात तर हे आठवा. स्टिक हाताला सांगते का, मध्यातून हलताना अडखळते का, हळू हलवली तर पडद्यावर हळूच हलते का, एवढं बघा.

आतली एक गोष्ट विचारून घ्या. स्वस्त स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, जुन्या रेडिओच्या व्हॉल्यूमच्या बटणात असतो तसा. त्यात पट्टीवर टोक घासतं, काही महिन्यांनी झिजतं आणि हात स्थिर असूनही पडद्यावर थरथर दिसते. सरावात यापेक्षा वाईट काही नाही, कारण चूक तुमची की यंत्राची हेच कळत नाही. हॉल इफेक्ट सेन्सरमध्ये लोहचुंबक असतो, घासणं नसतं, म्हणून ती टिकते. टी.16000एम ही मधल्या किमतीची स्टिक या सेन्सरची आहे आणि डाव्या-उजव्या कुठल्याही हाताला बसवता येते.

माझा क्रम असा आहे. आधी हॉल सेन्सरची एक साधी स्टिक घ्या. पैसे उरले तर रडर पेडल, कारण पायांना काम करायची सवय आपल्याला कुठेच लागत नाही. पिळून रडर चालवायची सोय बऱ्याच स्टिकना असते, पण ती पायांचं काम हाताला शिकवते. पेडल असतील तर ती बंद ठेवा. थ्रॉटल सगळ्यात शेवटी, तीही एका लिव्हरची पुरे. बऱ्याच स्टिकच्या बुडाशी छोटी लिव्हर असते, सुरुवातीला तीही चालते. आणि यातलं काहीच परवडत नसेल तर घेऊ नका, कर्ज तर अजिबात काढू नका. सायकल, टेबल टेनिस, तबला, हात-पाय-डोळे एकत्र राबवणारं जे रोज करता येईल ते करा.

आई-वडिलांसाठी शेवटचं. ही चाचणी एकदाच आहे हे मुलाला रोज ऐकवू नका, त्याला ते ठाऊक आहे. त्यात अपयश आलं तरी हवाई दलातली ग्राउंड ड्यूटी, नौदल आणि आमचं लष्कर, ही दारं उघडी असतात. आमच्याकडे फार चांगली माणसं त्या वाटेने आलेली आहेत. गाडी मिरज-हुबळीवरून रात्रभर धावते आणि उमेदवार जागरणाने ताठरलेल्या हातांनी उतरतात. जमलं तर एक दिवस आधी या, जेवा, झोपा, चामुंडीच्या पायऱ्या हळूहळू चढून या. स्टिक घरीच राहू द्या.

जय हिंद.