अँफिथिएटर : रचना आणि श्रेणीव्यवस्था

लंबवर्तुळाकार रिंगण आणि त्याच्या सर्व बाजूंनी चढत गेलेल्या आसनपंक्ती असलेली खुली वास्तू म्हणजे अँफिथिएटर. ग्रीक नाट्यगृहात प्रेक्षक अर्धवर्तुळात बसून रंगमंचाकडे पाहतो. अँफिथिएटरमध्ये त्याला रिंगणापलीकडचे प्रेक्षकही दिसतात. म्हणून या वास्तूचे विवेचन करताना दोन प्रश्न अविभाज्य ठरतात : (१) भार कशावर तोलला आहे? (२) कोण कोठे बसतो?

विकासाच्या तीन अवस्था मानता येतात. पहिल्या अवस्थेत वास्तूच नव्हती. इ. स. पू. २६४ मध्ये जूनियस ब्रूटस या रोमन उमरावाच्या उत्तरक्रियेप्रीत्यर्थ रोमच्या गुरांच्या बाजारात ग्लॅडिएटरांच्या (सशस्त्र झुंज खेळणाऱ्यांच्या) तीन जोड्या लढविण्यात आल्या. पुढे अशा प्रसंगी तात्पुरती लाकडी आसने उभारीत. दुसऱ्या अवस्थेचे उदाहरण पाँपेई (सुमारे इ. स. पू. ७०). येथे आसने मातीच्या भरावावर टेकली असून वर जाण्याचे प्रमुख जिने बाहेरून आहेत. भरीव वास्तूच्या पोटात फारसे मार्ग काढता येत नाहीत, ही तिची मर्यादा.

तिसऱ्या अवस्थेकडे जाण्यापूर्वी रोमजवळील फिडीनीच्या दुर्घटनेचा विचार आवश्यक आहे. इ. स. २७ मध्ये आटिलियस नावाच्या दास्यमुक्त कंत्राटदाराने तेथे लाकडी अँफिथिएटर उभारले. पाया भक्कम जमिनीवर घातला नाही, लाकडी सांगाडाही नीट जखडला नाही. सम्राट टायबीरियसच्या राज्यात रोममध्ये खेळ विरळ झाल्याने गर्दी अपार होती; वास्तू कोसळली. मृत व जखमी मिळून पन्नास हजार, असे इतिहासकार टॅसिटस सांगतो. त्यानंतर सीनेटने दोन अटी घातल्या : जमिनीची दृढता तपासल्याविना अँफिथिएटर बांधू नये, आणि चार लक्ष सेस्टर्सपेक्षा कमी मालमत्ता असणाऱ्याने असे खेळ भरवू नयेत. पहिली अट स्थापत्याची, दुसरी प्रतिष्ठेची; कारण ही रक्कम अश्वारूढ वर्गाच्या पात्रतेचीच होती. लोकरंजन हा अधिकार ठरू लागला होता.

सम्राट व्हेस्पेझियनने आरंभिलेले आणि टायटसने इ. स. ८० मध्ये खुले केलेले कोलोसियम ही तिसरी अवस्था. सुमारे १८८ मीटर लांब व १५६ मीटर रुंद असलेल्या या वास्तूचा भार कमानी आणि कमानी छतांवर आहे. त्यामुळे आसनांखालची जागा जिने व बोळांसाठी मोकळी झाली. तळमजल्यावरील ८० कमानींपैकी ७६ क्रमांकित होत्या. माझ्या मते या वास्तूचा खरा पराक्रम दर्शनी भिंतीत नसून या मार्गांत आहे. यापूर्वीच सम्राट ऑगस्टसने प्रेक्षागृहांतील आसने वर्गवार नेमून दिली होती : अग्रभागी सीनेटर, सैनिक नागरिकांपासून वेगळे, स्त्रिया बहुतांशी सर्वांत वर, व्हेस्टा देवीच्या कुमारिका-पुजारिणींना मात्र मानाचे आसन. नियमाने जे भेद सांगितले, ते दगडी मार्गांनी पाळून घेतले. भिन्न वर्गांचे प्रेक्षक आपापल्या जिन्याने येत व जात.

तथापि या व्यवस्थेने एकत्र बसविलेला समुदाय नेहमी आज्ञाधारक राहिला नाही. इ. स. ५९ मध्ये पाँपेई आणि नुकेरिया येथील प्रेक्षकांत रक्तपात झाला, आणि सीनेटने पाँपेईत असे खेळ दहा वर्षांसाठी बंद केले.

रिंगणात उतरणारे बहुधा दास, युद्धबंदी वा दंडित. स्वेच्छेने लढणारा स्वतंत्र नागरिकही कायद्याने अप्रतिष्ठित ठरे आणि नगरातील अधिकारपदास अपात्र होई. ज्याच्यासाठी सर्व श्रेणी एकत्र येत, त्याला त्यांपैकी एकाही श्रेणीत स्थान नव्हते.