डोंगर पाठ असलेली मेंढी

शेत सोडून जाणारे कूळ आपली जनावरे बरोबर नेते, हा जवळपास सगळीकडचा रिवाज. इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात मात्र उलटे आढळते. तेथे कूळ बदलले तरी मेंढ्या पुष्कळदा त्याच शेतावर राहतात. नव्या कुळाने त्या सांभाळायच्या आणि जाताना तेवढ्याच मागे ठेवून जायचे. असे का? याचे उत्तर तेथील हर्डविक या मेंढीच्या सवयीत आहे.

हर्डविक हे नाव मेंढ्यांच्या कुरणाला असलेल्या जुन्या शब्दावरून आले. तो शब्द बाराव्या शतकातील कागदपत्रांत आढळतो. हिचे कोकरू जन्मताना काळे असते. वाढत्या वयाबरोबर लोकर करडी होते आणि तोंड पांढरे पडते. लोकर जाडीभरडी असल्याने ती कापडापेक्षा गालिच्यांच्या कामी येते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीच्या कामाची, तसेच काहीसे. पण या लोकरीमुळेच हर्डविक उघड्या डोंगरावर पाऊस आणि बर्फ सोसू शकते.

त्या डोंगरमाथ्यावर कुंपणे फारशी नाहीत. तरीही प्रत्येक कळप आपापल्या हद्दीत चरतो. चारा कोठे, वादळात आडोसा कोठे, हद्द कोठे संपते, हे कोकरू आईच्या मागे हिंडता हिंडता शिकते. पुढे तेच आपल्या पिलाला शिकवते. म्हणजे येथे वारसा दोन वाटांनी चालतो: काटकपणा जनुकांतून येतो, तर डोंगराची ओळख शिकवणीतून. बाजारातून मेंढ्या आणून कळपाची संख्या भरून काढता येईल. पण नव्या मेंढ्यांना डोंगर कोण शिकवणार?

मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखिका बीट्रिक्स पॉटर यांना हे मोल कळले होते. त्यांनी येथे शेते घेतली, स्वतः हर्डविक पाळल्या. १९४३ मध्ये त्या वारल्या, तेव्हा चार हजारांहून अधिक एकर जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली आणि डोंगरावरील शेतांवर शुद्ध हर्डविकच राखाव्यात अशी इच्छा नोंदवली.

यानंतर या टापूवर दोन संकटे आली. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. मेच्या आरंभी येथे जोराचा पाऊस झाला आणि किरणोत्सारी सीझियम गवतावर उतरले. जूनमध्ये मेंढ्यांच्या विक्रीवर व हालचालींवर बंदी आली. ती तीन आठवड्यांत उठेल, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. तो चुकला, कारण तो चिकणमातीच्या जमिनींवरील अनुभवावर बेतलेला होता. चिकणमाती सीझियमला घट्ट धरून ठेवते. डोंगरावरील आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींच्या मातीत ते मोकळे राहते. मुळांवाटे ते गवतात, गवतातून मेंढीत आणि लेंड्यांतून पुन्हा मातीत जाते. काही शेतांवरील निर्बंध २०१२ पर्यंत टिकले. समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी या प्रकरणाचा अभ्यास केला. आपली माती आणि मेंढ्यांच्या सवयी जाणणाऱ्या शेतकऱ्यांना तज्ज्ञांनी विचारलेच नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरे संकट २००१ मध्ये आलेल्या लाळ्या-खुरकूत रोगाचे. साथ रोखण्यासाठी ब्रिटनभर साठ लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली आणि कंब्रिया परगण्याला सर्वाधिक फटका बसला. हर्डविक जवळजवळ सगळी याच एका टापूत एकवटलेली, त्यामुळे जातच नाहीशी होण्याची धास्ती होती. हिवाळ्यात सखल भागात चरायला पाठवलेल्या अनेक तरुण मेंढ्या गेल्या. डोंगरावरच्या जाणत्या माद्या बऱ्याच वाचल्या, म्हणून शिकवणीची साखळी तुटली नाही. त्याच वर्षी या जातीचे वीर्य आणि भ्रूण गोठवून ठेवण्याचे काम सुरू झाले.

हा उपाय आवश्यक होता. पण गोठवलेल्या भ्रूणातून मेंढी पुन्हा जन्माला घालता आली, तरी तिला डोंगर पाठ असणार नाही. तो शिकवायला डोंगरावर एखादी म्हातारी मेंढी चरत असावी लागते. जात वाचवायची म्हणजे नेमके काय वाचवायचे, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.