तालमीच्या फिती

तालीम ही प्रयोगासाठी असते, असे आपण धरून चालतो. तालमीतले गाणे हवेत विरले तरी त्याची खंत कोणी करत नाही. पश्चिम जर्मनीतल्या कोलोन शहरी १९६८ साली जमलेल्या ‘कॅन’ या रॉक वाद्यवृंदाने मात्र हा हिशेबच उलटा केला. त्यांची तालीम हीच रचना होती.

मंडळी पोरसवदा नव्हती. इर्मिन श्मिट आणि हॉल्गर चुकाय हे दोघे श्टॉकहाउझेन यांचे विद्यार्थी, तर याकी लीबेत्साइट हा जॅझमधला मुरलेला तालवादक. तिघेही तिशीच्या घरातले. गिटारवादक मिखाएल करोली तेवढा विशीतला, चुकायकडे शिकलेला. चुकायचा जन्म १९३८ चा, दान्त्सिगचा. महायुद्धानंतर ते शहर पोलंडकडे गेले आणि त्याच्या कुटुंबाला घर सोडावे लागले. सीमाभागातल्या वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

एका कलासंग्राहकाच्या मेहेरबानीने त्यांना नोर्वेनिखच्या जुन्या गढीत जागा मिळाली. पुढे वायलर्सविस्ट गावातले बंद पडलेले चित्रपटगृह त्यांनी घेतले आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकल्या. तासन्‌तास वाजवत राहायचे, आधी काही ठरवायचे नाही, हा शिरस्ता. गायक असे, पण त्याचे शब्दही बहुधा तिथल्या तिथे सुचलेले, अर्थापेक्षा नादाकडे झुकणारे.

टेपरेकॉर्डर दोन मार्गिकांचा. म्हणजे सर्वांचा आवाज एकदमच फितीवर उतरायचा. एकाची चूक नंतर वेगळी काढता येत नसे. म्हणून वाजवतानाच दुसऱ्याचे ऐकणे भाग होते. वादक नुसतेच सूर जुळवत, वेळ काढत बसलेले असतानाही चुकाय यंत्र चालू ठेवी. मग फीत कापून, तुकडे जोडून त्यातून रचना उभी राही. ‘टागो मागो’ ही १९७१ ची जोडतबकडी अशीच घडली. फितीची खरखर, कमीजास्त होणारा आवाज हे सारे तिच्यात आहे, आणि मला ते खटकत नाही. १९७५ च्या ‘लँडेड’पासून सोळा मार्गिकांचे यंत्र आले. प्रत्येकाला आपापला भाग स्वतंत्रपणे वाजवण्याची सोय झाली. त्यानंतरचे कॅन माझ्या कानाला सफाईदार, पण एकेकटे वाटते.

उरलेल्या फिती कपाटांत पडून राहिल्या. पुष्कळांवर धड नोंद नव्हती. डबीवर तारीख न लिहिण्याचा हा दोष आपल्याकडच्या गाण्याच्या शौकिनांनाही ओळखीचा आहे. २००७ च्या सुमारास स्टुडिओ विकला गेला, तेव्हा त्यांची दाद घेतली गेली. तीस तासांहून अधिक ध्वनिमुद्रण ऐकून श्मिट आणि जोनो पॉडमोर यांनी तीन सीडींचा संच निवडला. तो २०१२ साली ‘द लॉस्ट टेप्स’ नावाने निघाला. नाव हरवलेल्या फितींचे, पण हरवल्या कुठे होत्या? त्या ऐकल्या गेल्या नव्हत्या, एवढेच. करोली २००१ मध्येच गेला होता. लीबेत्साइट आणि चुकाय दोघेही २०१७ साली गेले.

स्टुडिओ गाद्यांसकट ग्रोनाऊच्या संगीत संग्रहालयात पुन्हा उभारण्यात आला. ग्रोनाऊ हे नेदरलँड्सच्या सीमेवरचे गाव.