गिरमिटाच्या कागदापासून बॉथेलच्या वाणिज्य पदवीपर्यंत

आपल्या पूर्वजांचा प्रवास एका कागदापासून सुरू झाला. ‘ॲग्रीमेंट’ या इंग्रजी शब्दाचे लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि त्यावर अंगठा उठवणारा माणूस गिरमिटिया ठरला. रत्नागिरी, सावंतवाडी आणि आसपासच्या मुलखातून निघालेली आपली माणसे मुंबई बंदरात गलबतावर चढली आणि पोर्ट लुईला उतरून आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढली. त्यांच्या हातात जो कागद होता तो बहुतेकांना वाचता येत नव्हता. शताब्दीच्या या स्मरणिकेत आम्ही त्या कागदाची आठवण मुद्दाम काढत आहोत. कारण आज आपल्या घरांतली मुले पुन्हा समुद्रापलीकडे निघाली आहेत आणि त्यांच्याही हातात एक कागद आहे.

आधी जुना कागद पाहू. करार साधारण पाच वर्षांचा असे. पुरुष मजुराचा पगार महिन्याला ५ रुपये आणि वर शिधा. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. त्याला ‘डबल कट’ म्हणत. आजारपण असो की घरात मयत, कोठीच्या वहीत गैरहजेरी लागली म्हणजे लागली. ती वही लिहिणारा दुसरा आणि तिच्यात नाव असणारा दुसरा. महिनाभर राबून हातात किती पडणार हे मजुराला स्वतः मोजता येत नव्हते. १८७१ साली आदोल्फ द प्लेविट्झ यांनी मजुरांच्या गाऱ्हाण्यांचा अर्ज तयार केला, त्यावर ९,४०१ जणांची नावे होती. त्यानंतर १८७२ मध्ये रॉयल कमिशन आले आणि १८७५ मध्ये त्याचा अहवाल निघाला. अहवालाने मजुरांची बरीच गाऱ्हाणी खरी ठरवली. म्हणजे आपल्या इतिहासातला एक मोठा लढा हा हिशेबाचा लढा होता, हे आपण विसरू नये.

पुढे साखर कारखानदारांनी जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले. त्या मोर्सेलमाँत आपल्या लोकांनी पै पै साठवून बिघा-अर्धा बिघा जमीन घेतली. ऊस लावला, भाजी लावली, गाय बांधली. बऱ्याच घरांची पहिली मालमत्ता ती हीच. आज मुलाला किंवा मुलीला परदेशी पाठवायचे ठरले, की घरात पहिला विषय त्याच जमिनीचा निघतो. गहाण ठेवायची की विकायची? म्हणून हा लेख नुसता इतिहासाचा नाही. एका निर्णयाआधी इतिहासाला काय विचारता येईल, ते आम्ही येथे मांडत आहोत.

पूर्वी शिकायला जायचे म्हणजे लंडन किंवा पॅरिस. नंतर ऑस्ट्रेलिया आली. आता अमेरिकेतली लहान गावेही चर्चेत येतात. त्यांपैकी बॉथेल हे एक. वॉशिंग्टन राज्यात, सिॲटल शहराच्या ईशान्येला सुमारे २० किलोमीटरवर, समामिश नदीच्या काठी हे गाव आहे. मूळचे रहिवासी समामिश लोक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे लाकूडतोडे आणि गिरण्यावाले आले, डेव्हिड बॉथेल यांच्या कुटुंबावरून गावाला नाव पडले आणि १९०९ मध्ये नगरपालिका झाली. ऊस आणि लाकूड यांत फरक असेल, पण दोन्हीकडे जंगल तोडायला आणि माल वाहायला स्वस्त मजूर हवा होता.

त्या भागात हिंदी मजूर पोचले होते. बॉथेलच्या उत्तरेला बेलिंगहॅम नावाचे बंदर आहे. तेथील लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांवर, त्यात बहुतेक शीख, सप्टेंबर १९०७ मध्ये गोऱ्या जमावाने हल्ला केला आणि त्यांना गावाबाहेर हुसकावले. आपल्या पूर्वजांना कोठीबाहेर जायला बंदी होती. या मजुरांना गावात राहायला बंदी झाली. दोन्हींच्या मुळाशी एकच विचार होता, की मजुराचे श्रम हवेत, माणूस नको.

मजुरांपाठोपाठ विद्यार्थी आले. तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे १९११ मध्ये अमेरिकेस गेले आणि सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अभियांत्रिकी शिकू लागले. पुढे ते गदर चळवळीत सामील होऊन स्वदेशी परतले. मेरठच्या छावणीत पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फासावर चढले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांनी ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत शेतीचे शिक्षण घेतले. तेही गदरचे कार्यकर्ते. नंतर मेक्सिकोत राहून त्यांनी मक्यावर संशोधन केले. बॉथेलच्या आजच्या विद्यापीठाचे मूळ पिंगळे ज्या विद्यापीठात शिकले त्यातच आहे, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

याच काळातला एक करार प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेले. त्या बदल्यात परतल्यावर १० वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. शिकून ते बडोद्याला गेले, पण अस्पृश्य म्हणून तेथे त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी १९१७ मध्ये त्यांना बडोदा सोडावे लागले. करार वाचून, समजून केलेला होता. तरी जगाने तो पाळू दिला नाही. त्यानंतर १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. हे कॉलेज १९१३ मध्ये खास वाणिज्य शिक्षणासाठी निघाले. आपण ज्याला बी.कॉम. म्हणतो, त्याची आपल्या मुलखातली जुनी शाळा तीच. तोवर हिशेब, हुंडी, व्याज ही विद्या पेढीवर बापाकडून मुलाला मिळत असे. कॉलेज निघाल्यावर ती, निदान तत्त्वाने, कोणाच्याही मुलाला खुली झाली.

१९१७ हे साल दोन्ही बाजूंनी महत्त्वाचे. त्या वर्षी हिंदुस्थान सरकारने गिरमिटाखाली मजूर पाठवणे थांबवले. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून आशियातल्या मोठ्या भागातील मजुरांना दार बंद केले, मात्र विद्यार्थी आणि व्यापारी यांना त्यातून वगळले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्वाचा हक्क नाकारला. १९४६ च्या कायद्याने वर्षाला फक्त १०० हिंदी लोकांना येण्याची मुभा आणि नागरिकत्व मिळू लागले. दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या कायद्याने. सिॲटलच्या परिसरात आज मराठी घरे दिसतात, त्यामागे हा कायदा आणि १९८६ मध्ये जवळच्या रेडमंड गावात गेलेली मायक्रोसॉफ्ट कंपनी ही दोन मोठी कारणे आहेत.

वॉशिंग्टन विद्यापीठाची बॉथेल शाखा १९९० मध्ये सुरू झाली. प्रारंभी तेथे पदवीची शेवटची दोन वर्षेच शिकवत. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी २००६ पासून घेऊ लागले. शेजारी त्याच आवारात कॅस्केडिया हे दोन वर्षांचे कॉलेज आहे. पुष्कळ विद्यार्थी पहिली दोन वर्षे तेथे कमी शुल्कात करतात आणि मग विद्यापीठात जातात. आपल्याकडच्या पालकांना ही वाट फारशी ठाऊक नसते, म्हणून सांगितली.

तेथे ‘बी.कॉम.’ नावाची पदवी नाही. तिला व्यवसाय प्रशासनातील बी.ए. म्हणतात. भारतातली नेहमीची बी.कॉम. तीन वर्षांची, ही चार वर्षांची आणि १८० क्रेडिटांची. वर्ष तिमाह्यांमध्ये विभागलेले असते, एकेक तिमाही सुमारे दहा आठवड्यांची, त्यामुळे परीक्षा सतत डोक्यावर. पहिल्या दोन वर्षांत इंग्रजी लेखन, गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि लेखाशास्त्राचा पाया. पुढे लेखाशास्त्र, वित्त, विपणन, पुरवठा साखळी अशा शाखा. पाठांतरावर भागत नाही. चार जणांच्या गटात एखाद्या कंपनीचा ताळेबंद वाचून वर्गासमोर मत मांडावे लागते. आपली मुले हिशेबात चुकत नाहीत, पण उभे राहून बोलायला बिचकतात. याची सवय आम्ही शिक्षकांनीच प्राथमिक शाळेपासून लावली पाहिजे.

आता नवा कागद पाहू. प्रवेश मिळाला की विद्यापीठ आय-२० नावाचे पत्र देते आणि त्यावर एफ-१ व्हिसा मिळतो. पहिल्या वर्षाचा खर्च भागेल एवढा पैसा आधी दाखवावा लागतो. परदेशी विद्यार्थ्याला बाहेरच्या विद्यार्थ्याचे शुल्क पडते. विद्यापीठात ते वर्षाला ४०,००० डॉलरांच्या वर आहे, राहणे-जेवणे वेगळे. तेथील केंद्र सरकारची मदत त्याला मिळत नाही. प्रत्येक तिमाहीत किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात. काम करायचे तर आवारातच, आणि सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवावे लागते. पदवीनंतर ओपीटी म्हणून १२ महिने आपल्या विषयात काम करता येते. विज्ञान-तंत्रज्ञानात मोडणाऱ्या पदव्यांना आणखी २४ महिने मिळतात. वाणिज्याच्या बहुतेक पदव्या त्यात बसत नाहीत. त्यानंतर राहायचे तर एच-१बी व्हिसाची सोडत. तिच्यात सर्वसाधारण ६५,००० जागा, आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिकलेल्यांसाठी आणखी २०,०००. नुसत्या पदवीधराला त्या दुसऱ्या जागा नाहीत. तसेच सनदी लेखापाल व्हायचे तर त्या राज्यात बरीच वर्षे २२५ क्रेडिटांची अट होती, म्हणजे १८० ची पदवी पुरत नसे. हे नियम बदलत असतात; म्हणून निघण्याच्या वर्षी ते पुन्हा वाचावेत.

हे वाचून कोणी म्हणेल, ही तर नवी गिरमिट झाली! तसे म्हणणे आम्हाला बरोबर वाटत नाही. आपल्या पणजोबांना १८६७ च्या कायद्यानंतर फोटो लावलेले तिकीट बाळगावे लागे आणि ते जवळ नसले तर तुरुंग. विद्यार्थी आपल्या इच्छेने जातो, आवडेल तेव्हा परत येतो, त्याला कोणी चाबूक दाखवत नाही. त्या दुःखाला या अडचणींच्या शेजारी बसवले तर पूर्वजांचा अपमान होईल. पण तीन गोष्टी सारख्या आहेत: कागद, कर्ज आणि अंतर. आणि ‘तिकडे सोने आहे’ असे सांगणारा अरकाटी तेव्हा होता, तसा आज गोड बोलणारा दलालही आहे. पूर्वजांना वाचता येत नव्हते, हा त्यांचा दोष नव्हता. आपल्याला वाचता येते. वाचूनही न वाचल्यासारखे केले, तर तो दोष आपला.

म्हणून जमिनीच्या कागदावर सही करण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून एका वहीवर लिहावे: चार वर्षांचा एकूण खर्च किती, त्यातला कर्जाचा भाग किती, आणि पदवीनंतर बारा महिन्यांत परत यावे लागले तर येथील पगारातून ते कर्ज फिटेल का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर जमीन गहाण ठेवू नये. मॉरिशसमध्ये २०१९ पासून सरकारी संस्थांत पहिल्या पदवीचे शुल्क माफ आहे. पदवी येथे करून पुढचे शिक्षण परदेशी घेणे हा कमीपणा नाही. आणि उत्तर ‘हो’ असेल, तर मुलगा असो की मुलगी, मन घट्ट करून पाठवावे.

जाणाऱ्या मुलांना बॉथेलविषयी आणखी दोन गोष्टी सांगतो. तेथे मोठे हिंदू मंदिर आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये, महाशिवरात्रीच्या सुमारास, त्याच्या भिंतीवर कोणी ‘चालते व्हा’ अशा अर्थाचे शब्द रंगवले होते. बेलिंगहॅमचा तो जुना आवाज शंभर वर्षांनंतरही पुरता गेलेला नव्हता. पण १९०७ च्या मजुरांना गाव सोडावे लागले. हे मंदिर मात्र आजही तेथेच उभे आहे.

दुसरी गोष्ट कावळ्यांची. विद्यापीठाच्या आवारात ५८ एकरांची पाणथळ जमीन आहे. पूर्वी तेथे गुरे चरत. नंतर ती पूर्ववत केली. हिवाळ्यात संध्याकाळ झाली की दहा हजारांहून अधिक कावळे तेथे रात्रीच्या मुक्कामाला येतात. परदेशी विद्यार्थी पहिल्यांदा ते पाहून थबकतात. आपल्या घरात पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतात, हे आपल्या मुलांना माहीत आहे. तेथे संध्याकाळी ते आभाळ काळे होताना पाहाल, तेव्हा अंगठा उठवून निघालेल्या त्या माणसांची आठवण ठेवा. त्यांच्या नावापुढचा आप्रवासी क्रमांक मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात आजही सापडतो. जाण्याआधी तो शोधून घ्या आणि आपल्या आय-२० च्या पाकिटात ठेवा.

एकेकाळी कोठीची वही दुसऱ्याच्या हातात होती. आता ती वही लिहायला आपली मुले शिकत आहेत. ती त्यांनी खरी लिहावी, आणि तिच्यात मजुराचा एक दिवसही चुकीने कापला जाऊ नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.