दूरचित्रवाणीवरील बालकार्यक्रम व प्रौढांची स्मृती

मुलांसाठी म्हणून प्रक्षेपित झालेल्या मालिका, व्यंगपट, बाहुल्यांचे कार्यक्रम इ. मोठेपणी पुन्हा पाहणे, त्यांची पात्रे व शीर्षकगीते आठवणे आणि समवयस्कांशी त्यांविषयी बोलणे, ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेली एक सांस्कृतिक प्रवृत्ती. तिची संभावना अनेकदा पोरकटपणा म्हणून केली जाते. तथापि व्यंगपट हे केवळ मुलांचे, ही समजूत मुळात उशिरा व व्यावसायिक कारणांनी रुजली. शिवाय दूरचित्रवाणीच्या इतिहासाचा काही भाग आज टिकून आहे, तो प्रौढांच्या याच आस्थेमुळे होय.

पूर्वपीठिका : अमेरिकन व्यंगचित्रकार विन्झर मॅके याने गर्टी द डायनोसॉर (१९१४) हा पट रंगमंचावर स्वतः उभे राहून, त्यातील प्राण्याशी बोलत, प्रौढ प्रेक्षकांना दाखविला. वॉल्ट डिझ्नीचा स्टीमबोट विली (१९२८), मॅक्स फ्लाइशरच्या निर्मितिगृहातील बेटी बूप हे पात्र (१९३०), विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांची टॉम अँड जेरी ही मालिका (१९४० पासून) यांची निर्मितीही मुख्य चित्रपटाबरोबर दाखविण्यासाठी झाली. त्यांचा प्रेक्षक म्हणजे तिकीट काढून आलेला सर्व वयांचा समुदाय. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या निर्मितीसंस्थांचे चित्रपटगृहांवरील वर्चस्व मोडले. मुख्य चित्रपटासोबत लघुपटही घेण्याचे बंधन चित्रपटगृहांवर उरले नाही, आणि दूरचित्रवाणीच्या प्रसाराबरोबर खर्चिक लघुव्यंगपटांना उतरती कळा लागली. १९५७ मध्ये हॅना व बार्बेरा यांनी स्वतःची संस्था काढून, थोड्या रेखाटनांत भागणारी स्वस्त पद्धत दूरचित्रवाणीसाठी विकसित केली. त्यांची द फ्लिंटस्टोन्स (१९६०–६६) ही मालिका रात्रीच्या वेळेत, प्रौढांना डोळ्यांपुढे ठेवूनच दाखविण्यात आली. १९६५ च्या सुमारास मात्र अमेरिकन दूरचित्रवाणीने व्यंगपट मुख्यतः शनिवार सकाळच्या वेळेत एकवटले. खेळणी व न्याहरीचे पदार्थ विकणाऱ्या जाहिरातदारांना त्या वेळेला मुलेच हवी होती. अशा रीतीने एक सर्वसाधारण कलाप्रकार 'बालकार्यक्रम' ठरला.

ही वर्गवारी कधीच पूर्ण यशस्वी झाली नाही. सेर्ज दानो याची फ्रेंच बाहुली-मालिका (१९६४) बीबीसीने १९६५ पासून द मॅजिक राउंडअबाउट या नावाने दाखविली. एरिक टॉम्पसन याने मूळ संवादांचा अनुवाद न करता चित्रे पाहून स्वतःच नवी इंग्रजी संहिता रचली. हा छोटा कार्यक्रम सायंकाळच्या बातम्यांच्या अगोदर लागत असल्याने घरी परतलेले पालकही तो पाहत; त्याची वेळ अलीकडे आणली, तेव्हा तक्रार केली ती प्रौढांनी.

स्मृतीचे स्वरूप : स्मरणरंजनाला आज जे प्रतिष्ठित स्थान आहे, ते पूर्वी नव्हते. योहानेस होफर या वैद्याने १६८८ मध्ये 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडविला, तो घरापासून दूर असणाऱ्यांच्या एका व्याधीसाठी. आयुष्यातील स्थित्यंतरांच्या वेळी माणूस भूतकाळाच्या आधारे आपली ओळख सावरून धरतो, असे प्रतिपादन समाजशास्त्रज्ञ फ्रेड डेव्हिस याने १९७९ मध्ये केले. दूरचित्रवाणीच्या बाबतीत याला आणखी एक कारण जोडले जाते. वाहिन्या मोजक्या, वेळ ठरलेली व घरी मुद्रणाची सोय नाही, अशा काळात एका पिढीतील असंख्य मुले तेच दृश्य एकाच क्षणी पाहत. परस्परांना अपरिचित व्यक्तींनाही त्यामुळे समान आठवणी लाभल्या.

भारत : भारतात दूरचित्रवाणीला १९५९ मध्ये दिल्लीत आरंभ झाला, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यावरील किलबिल हा बालकार्यक्रम मराठी घरांत परिचित होता. फिल्म्स डिव्हिजनचा एक अनेक और एकता (१९७४) हा विजया मुळे (१९२१–२०१९) दिग्दर्शित शैक्षणिक व्यंगपट दूरदर्शनवर वारंवार दाखविला गेला. जाळ्यात सापडलेल्या पक्ष्यांच्या कथेतून एकीचा बोध करणारा हा छोटा पट पन्नाशी गाठलेल्या प्रेक्षकांनाही त्यातील गीतासह स्मरतो.

निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेची, रडयर्ड किपलिंगच्या कथांवर आधारित मालिका (१९८९–९०) दूरदर्शनवरून हिंदीत आली. गुलजार यांचे शब्द व विशाल भारद्वाज यांचे संगीत असलेले तिचे शीर्षकगीत आणि नाना पाटेकर यांनी शेरखानला दिलेला आवाज, ही दोन्ही भारतीय भर होती. मूळ मालिकेत ती नव्हती. २०१६ मध्ये डिझ्नीचा द जंगल बुक भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा प्रसिद्धीसाठी तेच गीत नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले व हिंदी आवृत्तीत शेरखानला पुन्हा पाटेकरांचाच आवाज लाभला. चित्रपट नवा होता. हाक मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बालप्रेक्षकाला होती. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने शक्तिमान (१९९७–२००५) यासारख्या मालिका पुन्हा दाखविल्या आणि एप्रिलमध्ये जुन्या कार्यक्रमांसाठी डीडी रेट्रो ही वाहिनी सुरू केली.

मूल्यमापन व जतन : या ओढीचा व्यापारी उपयोग उघड आहे. ही-मॅन (१९८३–८५) ही मालिका मुळात मॅटेल कंपनीच्या खेळण्यांवर बेतलेली होती. तिच्याविषयीची प्रौढांची माया काही अंशी जाहिरातीविषयीची माया ठरते. गतकाळ निर्मळ भासविण्याचा दोषही स्मरणरंजनात असतो. परंतु त्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. बीबीसीने १९७८ पर्यंत जुन्या फिती पुसून पुन्हा वापरल्या. त्यात डॉक्टर हू (१९६३ पासून) या मुलांसह सर्व कुटुंबासाठी आखलेल्या मालिकेचे अनेक भाग नष्ट झाले. तरी त्या सर्व भागांचा ध्वनी उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी तो घरी ध्वनिमुद्रित केला होता. चाहत्यांच्या चिकाटीच्या शोधातून काही भाग परदेशांतून परत मिळाले. २०१३ मध्ये नायजेरियातून मिळालेल्या नऊ भागांची घोषणा झाली.

भारतातील स्थितीही यावरून समजते. एक अनेक और एकता फिल्मवर असल्याने टिकला; किलबिलसारखे, स्टुडिओत सादर होणारे जुने कार्यक्रम बव्हंशी पाहणाऱ्यांच्या आठवणींतच उरले आहेत. परदेशी मालिकांच्या मूळ प्रती त्यांच्या निर्मात्यांकडे राहतात. पण मॅजिक राउंडअबाउटची संहिता किंवा शेरखानचा आवाज यांप्रमाणे प्रेक्षकाच्या मनात घर करते ती बहुधा स्थानिक भर असते, आणि तिच्या जतनाची जबाबदारी मूळ निर्मात्याकडे नसते. अशा कार्यक्रमांचे पहिले प्रेक्षक आज वार्धक्याकडे झुकत आहेत. त्यांच्या आठवणींची व त्यांच्या घरी राहिलेल्या फितींची नोंद त्यांच्या हयातीत झाली, तरच या स्मृतीचे रूपांतर इतिहासाच्या साधनात होऊ शकेल.