झिरो बल्बचं कूळ

टीव्ही लागला की कुणीतरी म्हणतं, ‘ट्यूब बंद कर रे.’ ट्यूब जाते आणि कोपऱ्यातला झिरो बल्ब तेवढा राहतो. अहिल्यानगर जिल्ह्यात, बोलताना अजूनही नगर जिल्ह्यातच, हा शिरस्ता कितीतरी घरांत आहे. माझ्या मते त्याची एक मुळी जत्रेतल्या तंबूत निघते आणि दुसरी देवापुढच्या दिव्यात.

आधी तंबू. थेटर तालुक्याच्या गावाला, बाकीच्यांचा सिनेमा जत्रेमागोमाग यायचा. ट्रकमधून प्रोजेक्टर, कनाती, बांबू उतरायचे आणि अंधार पडल्याशिवाय खेळ सुरू होत नसे, कारण कापडातून उन्हाची तिरीप आत आली की पडद्यावरचं चित्र पुसलं जाई. महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला माहितीपट 2016 साली कान महोत्सवात दाखवला गेला. चित्र बघायचं तर अंधार हवा, हे मनात बसलं ते तिथं.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पुण्याला ते 1973 मध्ये दिसू लागलं. आपल्याकडे उंच बांबूवर अँटेना चढवूनही पडद्यावर मुंग्याच जास्त. 1984 च्या सुमारास देशभर छोटे प्रक्षेपक उभे राहिले, तेव्हा कुठे चित्र गावोगाव पोचलं. 25 जानेवारी 1987 पासून ‘रामायण’ लागलं आणि तेही रविवारी सकाळी, ऐन उन्हात! मग खिडक्या लावल्या, फटींवर गोधड्या टांगल्या. दारात दाटून उभ्या राहिलेल्या गर्दीनं उरलेला उजेड अडवला.

संध्याकाळी मात्र पेच पडायचा. तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवायचं नाही, हा घरातल्या थोरांचा नियम, आणि कार्यक्रमांची वेळही नेमकी तीच. तोड निघाली ती देवघरातल्या मिणमिणत्या दिव्यानं. देवापुढचा उजेड पुरे, बाकी मालवा. पुढं त्याच्या जोडीला झिरोचा बल्ब आला. नाव झिरो, पण तो 12 ते 15 वॅट खातोच. जुन्या मीटरची चकती त्यावर जेमतेम हलायची, म्हणून तो फुकटचा वाटायचा.

विजेचाही यात हात आहे. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था 1969 ची, देशातल्या पहिल्या पाच ग्रामीण वीज संस्थांपैकी एक. 2011 पर्यंत त्या भागाला वीज तिनंच दिली. गावाकडे संध्याकाळी सगळ्यांचे दिवे एकदम लागले की दाब उतरे. ट्यूब नुसती फडफडे, टीव्हीचं चित्र कडेनं आकसे. ‘तो लाइट बंद करा, चित्र मोठं होईल’ असा सल्ला मिळायचा. एका दिव्यानं दाब काही वाढत नाही, खरी मदत स्टॅबिलायझरच्या खोक्याची. पण सवय पक्की झाली.

ही सवय डोळ्यांच्या हिताची होती, हे मला आवर्जून सांगायचंय. जुन्या पिक्चर ट्यूबची काच मुळात राखाडी. तिच्यावर खोलीतला उजेड पडला की काळा रंग काळा उरत नाही, म्हणून समोरची ट्यूबलाइट बंद करणं बरोबरच. पण मिट्ट काळोखात बाहुली मोठी होते आणि प्रत्येक झगमगत्या दृश्याला डोळा दचकतो. म्हणूनच अमेरिकेत सिल्व्हेनिया कंपनीनं 1950 च्या दशकात पडद्याभोवती उजळ चौकट असलेले संच काढले. फिलिप्सनं 2004 मध्ये संचामागच्या भिंतीवर रंगीत उजेड पाडला. आपल्या घरात हे काम पंधरा वॅटच्या बल्बनं फिलिप्सच्या आधीच केलं होतं.

आता चपटे पडदे आलेत, त्यांचा झगझगाट कितीतरी जास्त. दिवा ठेवायचाच तर संचाच्या मागे ठेवा, समोर नको. प्रतिबिंब पडत नाही आणि मागची भिंत उजळते. रंग पिवळा नको, दिवसाच्या उजेडासारखा पांढरा हवा, म्हणजे 6500 केल्विनचा. पिवळ्या दिव्याला सरावलेल्या डोळ्याला पडद्यावरचे चेहरे निळसर दिसतात. आणि तेज पडद्याच्या सर्वांत झगझगीत भागाच्या दहाव्या हिश्श्याइतकं पुरे.